मातींतील अम्ल

अम्ल म्हटलें कीं बुधल्यांतील, कातडी भाजणारें द्रव्य डोळ्यांपुढें येतें. परंतु हाताला कोरडें लागणारें, पाण्यांत न विरघळणारें अम्लही असतें. आणि जगांतील पेट्रोलचा फार मोठा भाग त्याच्या स्पर्शानें तयार होतो. या घन अम्लाचा इतिहास मला बोधप्रद वाटतो, तो त्यांतील शोधापेक्षां त्यांतील एका अडचणीमुळें.

जड खनिज तेल नुसत्या उष्णतेनें फोडण्याची रीत अमेरिकेंत १९१३ पासून रूढ झाली. पुढें अॅल्युमिनियम क्लोराइडाचा उपयोग करण्यांत आला; पण त्याचा तेलांत चिखल होऊन तें वाया जाई. १९२७ च्या सुमारास यूजीन हूद्री या फ्रेंच यंत्रशास्त्रज्ञास असें आढळलें कीं, एक प्रकारची चिकणमाती हें काम उत्तम करते. पहिल्या महायुद्धांत रणगाडादलांत जखमी झालेला हा गृहस्थ मोटारींच्या शर्यतींचा शौकीन होता, रसायनशास्त्री नव्हे.

माती काम करी, पण थोडाच वेळ. फुटणाऱ्या तेलांतील कोळसा तिच्या सूक्ष्म छिद्रांत बसे व कांहीं मिनिटांत ती निकामी होई. हूद्रीनें ती फेकली नाहीं. त्याच पात्रांत हवा सोडून त्यानें कोळसा जाळला. माती पुन्हा ताजी झाली, आणि त्या ज्वलनाची उष्णताच पुढचें तेल फोडण्यास उपयोगी पडली. १९३७ सालीं सन ऑइल कंपनीच्या मार्कस हुक येथील कारखान्यांत ही पद्धति मोठ्या प्रमाणावर सुरू झाली.

पुढें मातीऐवजीं घडविलेले कण आले. सोडियम सिलिकेट व अॅल्युमिनियमचा क्षार यांचीं द्रावणें एकत्र केलीं कीं तीं जेलीसारखीं थिजतात. जेली वाळवून भाजली कीं पाणी जातें आणि छिद्रें राहतात. अशा एका ग्रॅममध्यें शेंकडों चौरस मीटर पृष्ठभाग सांठतो. सिलिकॉनच्या जागीं अॅल्युमिनियम बसला कीं तेथें एका धनभाराची उणीव पडते. ती हायड्रोजननें भरली तर अम्ल; सोडियमनें भरली तर नाहीं. म्हणून भाजण्यापूर्वीं अमोनियम क्षाराच्या पाण्यानें धुऊन सोडियम घालवावा लागतो. मग भाजतांना अमोनिया उडतो व हायड्रोजन मागें राहतो. या कृतीचें मर्म मिसळण्यापेक्षां धुण्यांत आहे. १९६० नंतर प्लँक व रोझिन्स्की यांनीं याच कामीं झिओलाइटें योजिलीं. त्यांची छिद्रें जणूं मापून पाडलेलीं असतात. सह्याद्रीच्या काळ्या कातळांतील पोकळ्यांत सांपडणारे शुभ्र स्फटिक याच कुळांतले.

उत्तरवयांत हूद्री मोटारींच्या धुराकडे वळला. धूर निर्विष करणारें उत्प्रेरक साधन त्यानें बनविलें. पण पेट्रोलमध्यें मुद्दाम घातलेलें शिसें त्या उत्प्रेरकाला बाधे. १९६२ मध्यें तो वारला. अमेरिकेंत अशीं साधनें मोटारींत सर्रास आलीं तीं १९७५ च्या सुमारास, शिसेविरहित पेट्रोल मिळूं लागल्यावर. कोळसा तेलाच्या स्वभावांतच होता. तो जाळून टाकतां आला. शिसें माणसानें आपल्या सोयीसाठीं घातलें होतें, आणि तें जाळून जाणारें नव्हतें. तें घालणें थांबविणें एवढाच उपाय होता, आणि तो हूद्रीच्या हातीं नव्हता.