प्रकल्प कार्यालयाची पारख : प्रस्तावना

स्मार्ट सिटी अभियानाची सप्टेंबर २०१६ची यादी आली, तीत ठाणे आणि कल्याण-डोंबिवली ही दोन्ही शहरे होती. दोन्हीकडे स्वतंत्र कंपन्या स्थापन झाल्या, व्यवस्थापन सल्लागार नेमले गेले. मार्च २०२५मध्ये अभियान संपले. खर्चाचा हिशेब लेखापरीक्षक करतील. पण ही कामे हाकणारी कार्यालये दरम्यान किती शहाणी झाली, हे कसे तपासायचे? प्रकल्प कार्यालयाच्या परिपक्वतेची अभ्यासशाखा हेच तपासते.

फिलिप क्रॉस्बी यांनी १९७९मध्ये गुणवत्ता व्यवस्थापनाच्या पाच पायऱ्या मांडल्या. वॉट्स हम्फ्री यांनी कार्नेगी मेलन विद्यापीठातून तोच विचार सॉफ्टवेअरकडे नेला आणि पुढे तो प्रकल्प कार्यालयांपर्यंत पोहोचला. पहिल्या पायरीवर काम एखाद्या धडाडीच्या अभियंत्याच्या जिवावर चालते आणि त्याची बदली झाली की रेंगाळते. पाचव्या पायरीवर कार्यालय आपल्याच नोंदी वाचून पद्धत सुधारते.

उदाहरण घेऊ. कल्याणचा जुना पत्रीपूल ऑगस्ट २०१८मध्ये बंद झाला. राज्य रस्ते विकास महामंडळाने नवा बांधला. नोव्हेंबर २०२०मध्ये रेल्वेचे मेगाब्लॉक घेऊन रुळांवरून गर्डर सरकवला गेला आणि जानेवारी २०२१मध्ये वाहतूक सुरू झाली. त्याच महापालिकेच्या हद्दीत डोंबिवलीचा कोपर पूल सप्टेंबर २०१९ ते सप्टेंबर २०२१ बंद होता. म्हणजे सुमारे सोळा महिने ही दोन्ही कामे एकाच वेळी चालू होती. दोन्हींना रेल्वेची मंजुरी, ब्लॉक, वाहतूक वळवणे चुकले नाही. पत्रीपुलाच्या आराखड्यावर रेल्वेने शंका काढल्या असतील, तर त्या कोपर पुलाच्या टेबलावर पोहोचल्या का? माझ्या मते परिपक्वतेची खरी कसोटी इथे आहे. महापालिका, रेल्वे, एमएमआरडीए, महावितरण अशा यंत्रणा एकाच खड्ड्याशी उभ्या राहतात तिथे, परिपक्वता मोजण्यासाठी एका कार्यालयाने स्वतःच भरलेल्या प्रश्नावलीतील गुणांवर मी विसंबणार नाही. त्या गुणांत शेजारचे कार्यालय दिसतच नाही.

नवख्या अभ्यासकाने सुरुवात पूर्ण झालेल्या एखाद्या कामाच्या फाइलपासून करावी. अडचण पहिल्यांदा कधी नोंदली गेली, निर्णय घेण्याचा अधिकार असलेल्या माणसापर्यंत ती कधी गेली आणि पुढच्या कामाच्या निविदेत त्यामुळे कोणती अट बदलली, एवढे आधी शोधावे. पायरी कितवी, ते मग ठरवता येईल.