कुंग घराण्याची वंशावळ

चीन देशाच्या शान्तुंग प्रांतांत च्यूफू नांवाचें एक प्राचीन गांव आहे. गांवाच्या उत्तरेस तटबंदीच्या आंत एक विस्तीर्ण वनराई लागते. सुमारें पांचशें एकरांच्या या वनांत जुनाट सुरूच्या वृक्षांखालीं एक लाखाहून अधिक थडगीं आहेत, आणि तीं सारीं एकाच कुळाचीं आहेत. मध्यभागीं मूळ पुरुषाची समाधि. तिच्या पूर्वेस पुत्राची. आणि समोर, दक्षिणेस, नातवाची. तेथून पुढें पिढीमागून पिढी त्याच छायेंत विसावत गेली. जगांत जुनीं स्मशानें पुष्कळ आहेत; परंतु एकाच घराण्यानें दोन हजार वर्षांहून अधिक काळ आपले मृत एकाच भूमीच्या स्वाधीन केले, असें दृश्य क्वचितच पाहावयास मिळेल.

हा मूळ पुरुष म्हणजे चीनचा महान् तत्त्ववेत्ता कन्फ्यूशियस. त्याचें आडनांव कुंग. ‘कुंग-फू-त्झू’, म्हणजे आचार्य कुंग, या आदरार्थी संबोधनाला ख्रिस्ती मिशनऱ्यांनीं लॅटिन रूप दिलें, आणि त्यांतून ‘कन्फ्यूशियस’ हें नांव जगभर रूढ झालें. इ. स. पूर्व ५५१ ते ४७९ हा त्याचा काळ. त्याला एकच मुलगा होता, आणि तो बापाच्या हयातींतच वारला. नातवानें आजोबांची विद्या पुढें चालविली. त्यानंतरच्याहि कित्येक पिढ्यांत वंश एकेका पुत्रावरच टिकून राहिला. अशा बारीक धाग्यानें निघालेलें हें कुळ आज ऐशीं पिढ्यांपर्यंत येऊन पोंचलें आहे. हान, थांग, सुंग, युवान, मिंग, छिंग अशीं राजघराणीं उदयास आलीं आणि अस्त पावलीं. कुंगांची वंशावळ मात्र लिहिली जातच राहिली. ती कशी लिहिली गेली, आणि ती तुटूं नये म्हणून कोणी काय सोसलें, याचा वृत्तान्त राजांच्या बखरींपेक्षां कमी मनोवेधक नाहीं.

चिनी समाजांत पितरांच्या पूजेचा अधिकार ज्येष्ठ शाखेच्या ज्येष्ठ पुत्राकडे जातो. तेव्हां ज्येष्ठ कोण, कनिष्ठ कोण, हें लिहून ठेवणें ही केवळ हौस नव्हती. तो धर्मविधीचा पाया होता. शिवाय कुंगांच्या बाबतींत या लेखाला राजाश्रयाची जोड मिळाली. इ. स. पूर्व १९५ मध्यें हान घराण्याच्या पहिल्या सम्राटानें स्वतः च्यूफूस येऊन कन्फ्यूशियसची पूजा केली. पुढें इ. स. १०५५ मध्यें सुंग सम्राटानें शेहेचाळिसाव्या पिढीच्या वारसास एक नवी वंशपरंपरागत पदवी दिली. तिचा अर्थ, थोर पुरुषाचा वंश चालविणारा सरदार. हीच पदवी १९३५ पर्यंत, म्हणजे ८८० वर्षें, या घराण्यांत राहिली. पदवीबरोबर जमिनी आल्या, करमाफी आली, वेठबिगारींतून सुटका आली. त्यामुळें आपण कुंग आहों असें सिद्ध करण्यांत पुष्कळांचें हित गुंतलें. आणि खोट्या दावेदारांस वंशावळीबाहेर ठेवण्यांत खऱ्या कुंगांचें.

आरंभीं या वंशावळी हस्तलिखित असत व त्यांत मुख्य वारसांचींच नांवें येत. इ. स. १०८५ मध्यें घराण्यांतीलच एका विद्वानानें ती प्रथम छापविली. पुढें सर्व शाखांचा समावेश असलेले मोठे कुलग्रंथ १६२२, १६८४ आणि १७४५ या सालीं सिद्ध झाले. दर साठ वर्षांनीं मोठें संशोधन व दर तीस वर्षांनीं लहान, असा नियम ठरलेला होता. परंतु नियम करणें सोपें, पाळणें कठीण. १७४५ नंतरचा मोठा कुलग्रंथ निघाला तो एकदम १९३७ मध्यें. त्यांत सुमारें साडेपांच लाख नांवें होतीं.

एवढ्या मोठ्या गोतावळ्यांत नातें ओळखावें कसें? यावर चिनी कुळांनीं योजलेली युक्ति मोठी मार्मिक आहे. चिनी नांवांत प्रथम आडनांव येतें व मागाहून बहुधा दोन अक्षरें. या दोहोंपैकीं एक अक्षर व्यक्तीचें, आणि दुसरें तिच्या पिढीचें. एका पिढीच्या सर्व भावंडांच्या, चुलतभावंडांच्या आणि कधीं तोंडहि न पाहिलेल्या दूरच्या भाऊबंदांच्या नांवांत तेंच अक्षर. कुंगांमध्यें मिंग राजवटीपासून ही अक्षरांची माळ ठरवून दिलेली आहे. ‘शांग’ अक्षर आलें कीं चौसष्टावी पिढी. ‘पीचपुष्पांचा पंखा’ हें प्रसिद्ध नाटक लिहिणारा कुंग शांगरेन या पिढीचा. ‘लिंग’ म्हणजे शहात्तरावी, ‘ते’ म्हणजे सत्त्याहत्तरावी. यामुळें शान्तुंगमधील शेतकरी व परदेशीं स्थायिक झालेला व्यापारी यांची प्रथमच गांठ पडली, तरी नांवें सांगतांच कोणीं कोणास वडीलपणाचा मान द्यावयाचा, हें तत्काळ ठरतें. पांढऱ्या दाढीच्या वृद्धानें एखाद्या शाळकरी मुलास काका म्हणावें, असा प्रसंगहि येतो.

वंशावळींत कोणास घ्यावें यापेक्षां कोणास घेऊं नये, याचे नियम अधिक कडक होते. दुसऱ्या आडनांवाचा दत्तक मुलगा, घरजांवई, पुनर्विवाहित स्त्रीबरोबर आलेला मुलगा, संन्यास घेतलेला पुरुष, कुळाला काळिमा लावणारा गुन्हेगार, यांना ग्रंथांत स्थान नसे. या कडकपणामागें एक जुनी जखम होती.

थांग साम्राज्य कोसळल्यावर चीनमध्यें अंदाधुंदी माजली. त्या काळांत, इ. स. ९१३ मध्यें, कुंग मो नांवाच्या मनुष्यानें बेचाळिसाव्या पिढीच्या वारसास ठार मारिलें. मंदिराची झाडलोट करणाऱ्या सेवकांच्या घरांत त्याचा जन्म झाला होता. कुंग हें आडनांव त्या घरानें धन्याकडून घेतलेलें होतें. त्यानें घर बळकाविलें, अधिकार बळकाविला, आणि आपणच खरा वारस असें जाहीर केलें. मृत वारसाचा तान्हा मुलगा रेन्यू त्या वेळीं आईच्या माहेरीं, चांग नांवाच्या कुटुंबांत होता. कुळाची आख्यायिका अशी कीं, मारेकरी तेथेंहि पोंचले, तेव्हां चांग घरांतील एका स्त्रीनें आपल्या पोटच्या मुलास रेन्यूचे कपडे चढविले आणि त्याला मारेकऱ्यांच्या हवालीं केलें. रेन्यू वांचला, परक्या घरांत वाढला, विद्वान् झाला. अखेर सत्य दरबारापर्यंत पोंचलें आणि इ. स. ९३० मध्यें त्याला त्याचा अधिकार परत मिळाला. कुंग त्याला ‘वंशाचा पुनरुद्धारक’ म्हणून पूजतात. चांगांच्या घराला कुंगांनीं पुढें पिढ्यान्‌पिढ्या आजोळाचा मान दिला. तेव्हांपासून वंशावळींत ‘आंतले कुंग’ व ‘बाहेरचे कुंग’ हा भेद आला. त्या एका रात्रीच्या भीतीनें पुढील हजार वर्षांचे नियम घडविले.

दुसरें संकट बाहेरून आलें. बाराव्या शतकांत उत्तर चीन जुर्चेन लोकांच्या हातीं गेला, आणि सुंग सम्राट् दक्षिणेकडे निघून गेला. अठ्ठेचाळिसाव्या पिढीचा वारस कुंग त्वानयू हाहि सम्राटामागें गेला व चेकियांग प्रांतांतील च्यूचौ येथें स्थायिक झाला. जातांना त्यानें कन्फ्यूशियस व त्याची पत्नी यांच्या लांकडी मूर्ति बरोबर नेल्या, असें परंपरा सांगते. च्यूफूमध्यें मागें राहिलेल्या त्याच्या भावानें थडग्यांची राखण केली. उत्तरेच्या राजांनीं त्याच्या शाखेस पदवी दिली. दक्षिणेच्या राजांनीं त्वानयूच्या शाखेस. एका वंशावळीचे दोन वारस झाले.

दीडशें वर्षांनीं कुबलाई खानानें सारा चीन एका छत्राखालीं आणला, तेव्हां हा प्रश्न निकालांत काढणें प्राप्त झालें. १२८२ मध्यें दक्षिण शाखेचा कुंग चू यास दरबारीं बोलावण्यांत आलें. ज्येष्ठत्व त्याच्याकडे होतें; त्यानें च्यूफूस परत यावें व पदवी घ्यावी, असें ठरत होतें. त्यानें नकार दिला. आपल्या वाडवडिलांचीं पांच पिढ्यांचीं थडगीं आतां च्यूचौस आहेत, आई वृद्ध आहे, आणि मूळ पुरुषाच्या समाधीची सेवा उत्तरेच्या भावांनीं इतकीं वर्षें केली आहे. तेव्हां मान त्यांचा, असा त्याच्या बोलण्याचा आशय. सम्राटानें त्याची प्रशंसा केली. पण पदवी गेली ती गेलीच. दक्षिणेची शाखा दोनशें वर्षांहून अधिक काळ सामान्य जनांप्रमाणें राहिली, आणि १५०६ मध्यें मिंग दरबारानें तिला एक लहानसा वंशपरंपरागत हुद्दा दिला. जेथें हक्कासाठीं एकदां खून झाला होता, त्याच कुळांत हक्क असून तो सोडणारा पुरुषहि निपजला.

आधुनिक काळांत तर हा धागा एका केसावर आला होता. १९१९ मध्यें शहात्तराव्या पिढीचा सरदार कुंग लिंगयी यानें पुढील पिढ्यांसाठीं आणखी वीस अक्षरें ठरविलीं. त्यामुळें एकशेंपांचव्या पिढीपर्यंतच्या नांवांची तरतूद झाली. आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत तो वारला. त्या वेळीं त्याला एकहि मुलगा नव्हता. एकोणतीस पिढ्यांच्या नांवांची सोय करणाऱ्या पुरुषाच्या पुढची पिढी अद्याप आईच्या उदरांत होती. मुलगी झाली असती तर पदवी दुसऱ्या शाखेकडे गेली असती. बाळाची अदलाबदल होऊं नये म्हणून प्रसूतीच्या वेळीं वाड्याभोंवतीं सैनिकांचा पहारा होता. फेब्रुवारी १९२० मध्यें मुलगा जन्मला. कुंग तेचेंग असें त्याचें नांव ठेवलें. त्याची आई थोड्याच दिवसांत मरण पावली. १९३७ चा कुलग्रंथ याच तेचेंगच्या देखरेखीखालीं पुरा झाला. त्या वेळीं तो सतरा वर्षांचा होता.

तेचेंगला तेमाओ नांवाची बहीण होती. पिढीचें ‘ते’ अक्षर दोघांच्याहि नांवांत होतें. परंतु कुलग्रंथांत मुलींची गणना होत नसे. कुळांत आलेल्या सुनेचें बहुधा माहेरचें आडनांव तेवढें लिहीत, आणि कन्या तर लग्न होतांच दुसऱ्या घरची. १९४९ च्या राज्यक्रांतीनंतर तेचेंग तैवानला गेले. तेमाओ चीनमध्येंच राहिल्या. १९६६ च्या नोव्हेंबरांत पेकिंगहून आलेल्या लाल रक्षकांनीं च्यूफूच्या मंदिरांतील मूर्ति फोडल्या, वनांतील थडगीं उकरलीं. त्यांत या बहीणभावांच्या वडिलांचेंहि थडगें होतें. त्या वर्षांत चीनभर असंख्य घराण्यांच्या वंशावळी जाळण्यांत आल्या. कांहीं कुटुंबांनीं त्या जिवावर उदार होऊन लपवून ठेवल्या. बहीणभावांची भेट झाली ती १९९० मध्यें, जपानांत, सुमारें चार दशकांच्या ताटातुटीनंतर. तेचेंग च्यूफूस पुन्हां कधींच गेले नाहींत. २००८ मध्यें तैवानांत त्यांचें निधन झालें. ज्येष्ठ पुत्र आधींच निवर्तल्यामुळें पूजेचा अधिकार २००९ मध्यें नातवाकडे, म्हणजे एकोणऐंशीव्या पिढीकडे, गेला.

त्याच २००९ सालीं पांचवा मोठा कुलग्रंथ प्रसिद्ध झाला. अकरा वर्षें त्याचें काम चाललें होतें. ऐशीं खंड आणि वीस लाखांहून अधिक नांवें! कोरियांत चौदाव्या शतकापासून नांदत असलेली शाखा त्यांत आली. अन्य धर्मीयांत व अन्य जमातींत मिसळून गेलेले कुंग आले. आणि अडीच हजार वर्षांत प्रथमच त्यांत कुळांतील कन्यांना त्यांच्या स्वतःच्या नांवानें स्थान मिळालें. त्या वेळीं तेमाओ नव्वदी ओलांडलेल्या होत्या. २०२१ मध्यें त्या वारल्या.

या वंशावळीच्या पहिल्या पानाकडे पुन्हां वळलें असतां एक गोष्ट ध्यानांत येते. परंपरा असें सांगते कीं, कन्फ्यूशियसच्या जन्मापूर्वीं त्याच्या वडिलांना नऊ मुली झाल्या होत्या. त्या नवांपैकीं एकीचेंहि नांव आज ज्ञात नाहीं. कन्फ्यूशियसनें आपली मुलगी कोणत्या शिष्यास दिली, तें त्याच्या संवादांच्या ग्रंथांत नमूद आहे. जांवयाचें नांव तेथें आहे, मुलीचें नाहीं. रेन्यूसाठीं पोटचें मूल देणारी स्त्री केवळ आपल्या घराच्या आडनांवानें उरली. तेचेंगला जन्म देऊन गेलेल्या मातेचा अंशहि पुढील प्रत्येक पिढीच्या रक्तांत आहे. ऐशीं पिढ्यांच्या या ग्रंथांत बापाकडून मुलाकडे जाणारी एक रेषा काळजीपूर्वक आंखलेली आहे. पण ती रेषा जेथें जेथें तुटावयाची वेळ आली, तेथें तेथें तिला सांधणारे हात पुष्कळदां ग्रंथाबाहेरचे होते.

च्यूफूच्या वनांत आजहि अनेक थडग्यांवरचे शिलालेख वाचतां येतात, आणि तेथील प्रत्येक पुरुषाची पिढी नांवावरून मोजतां येते. एकशेंपांचव्या पिढीपर्यंतचीं अक्षरें ठरलेलीं आहेत. पुढच्या खेपेस कुलग्रंथ उघडेल, तेव्हां त्या अक्षरांखालीं मुलांबरोबर मुलींचींहि नांवें येतील. आचार्यांच्या नऊ बहिणींना तो मान मिळाला नाहीं. त्यांच्या भाच्यांच्या वंशांतील कन्यांना तो मिळूं लागला आहे.