दृश्य संकल्पनाचे मूलघटक

दृश्य संकल्पनाचे मूलघटक म्हणजे चित्र, भित्तिपत्रक, बोधचिन्ह, मुखपृष्ठ किंवा संकेतस्थळाचे पान ज्यांपासून घडते, ती मूलभूत साधने होत. बिंदू, रेषा, आकार, छायाभेद, रंग, पोत आणि अवकाश हे घटक सर्वसाधारणपणे मानले जातात. मात्र त्यांची संख्या व नावे ग्रंथागणिक बदलतात. समतोल, लय, प्रमाणबद्धता, विरोध व एकात्मता ही संकल्पनाची तत्त्वे यांहून वेगळी आहेत. घटक ही सामग्री असून तत्त्वे तिच्या मांडणीशी संबंधित असतात.

घटकांचे स्वरूप

बिंदू: स्थान दर्शवतो. अनेक बिंदू जवळ आल्यास छटेचा आभास होतो. छापील छायाचित्रे याच तत्त्वावर उमटतात.

रेषा: दिशा व गती सूचित करते. आडवी रेषा स्थैर्य, तर तिरकी रेषा हालचाल सुचवते.

आकार: रेषेने किंवा रंगाने सीमित झालेले क्षेत्र. त्यास खोलीचा आभास मिळाल्यास तो घनाकार होतो.

छायाभेद: उजळ व गडद यांमधील पायऱ्या. वस्तूची गोलाई व अक्षरांची सुवाच्यता मुख्यतः यावर अवलंबून असते.

रंग: रंगछटा, उजळपणा व तीव्रता हे याचे तीन गुणधर्म होत.

पोत: पृष्ठभागाचा खडबडीत वा गुळगुळीतपणा. तो प्रत्यक्ष किंवा केवळ चित्रित असू शकतो.

अवकाश: आकृतीभोवतीची व आतील जागा. डॅनिश मानसशास्त्रज्ञ एडगर रुबिन यांच्या १९१५च्या प्रसिद्ध आकृतीत एकच सीमारेषा कधी फुलदाणी, तर कधी समोरासमोरचे दोन चेहरे दाखवते.

इतिहास

कामसूत्रावरील यशोधराच्या ‘जयमंगला’ टीकेत चित्रकलेची सहा अंगे सांगितली आहेत: रूपभेद, प्रमाण, भाव, लावण्ययोजन, सादृश्य आणि वर्णिकाभंग. यांत आजच्या अर्थाचे घटक व तत्त्वे एकत्र आढळतात. अमेरिकी कलाशिक्षक आर्थर वेस्ली डाऊ यांनी १८९९ मध्ये रेषा, उजेड-अंधाराची मांडणी व रंग या तिन्हींवर कलाशिक्षण आधारले. जर्मनीतील वायमार येथे १९१९ मध्ये स्थापन झालेल्या बाउहाउस संस्थेत योहानेस इटेन यांनी प्राथमिक अभ्यासक्रम सुरू केला. तेथील अध्यापक वासिली कँडिन्स्की यांनी १९२६ मध्ये बिंदू, रेषा व प्रतल यांवर ग्रंथ प्रसिद्ध केला.

वारली चित्रकलेतील उदाहरण

मोजक्या घटकांतून किती आशय व्यक्त होऊ शकतो, हे वारली चित्रकलेत दिसते. पारंपरिक चित्रे गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगाने काढली जातात. टोकाशी जोडलेले दोन त्रिकोण म्हणजे धड, तर वर्तुळ म्हणजे डोके. त्रिकोणांचा कल बदलताच आकृती नाचू किंवा वाकू लागते. रंगवैविध्य नसल्याने अर्थाचा भार आकार, रेषा व अवकाश यांवर असतो.

परस्परसंबंध व सुगम्यता

घटकांचा परिणाम सापेक्ष असतो. एकच करडी छटा काळ्या पार्श्वभूमीवर उजळ, तर पांढऱ्या पार्श्वभूमीवर गडद भासते. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्ह्रल यांनी १८३९ मध्ये अशा रंगपरिणामांची सविस्तर मांडणी केली.

लाल-हिरवा भेद ओळखण्यात अडचण असलेल्या व्यक्तीस केवळ रंगाने दिलेली धोक्याची सूचना कळेलच असे नाही. त्यामुळे रंगास आकार, चिन्ह किंवा मजकुराची जोड दिली जाते. वेब सुगम्यतेच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांतील ‘एए’ पातळीनुसार सामान्य आकाराचा मजकूर व पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे गुणोत्तर किमान ४.५ : १ असावे लागते.