शिवाजी पार्कची आखणी

शिवाजी पार्क परिसराच्या टापटिपीमागे मुंबईची एक जुनी भीती आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत प्लेग उघड झाला, तेव्हा त्याचे खापर दाटीवाटीच्या, कोंदट वस्त्यांवर फुटले. १८९८ च्या कायद्याने ‘बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ स्थापन झाला. त्याने नागपाड्यातली घरे पाडली, प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड काढले, दादर-माटुंग्याला नवी वसाहत आखली. घरे गेलेले अनेकजण मात्र शेजारच्या चाळींतच शिरले. एकीकडची गर्दी हटली, ती दुसरीकडे साचली.

रेल्वेच्या पश्चिमेला, माहीमच्या बाजूला, आज शिवाजी पार्क आहे तिथे, नारळाच्या वाड्या आणि भातखाचरे होती. अशा जमिनीचे बांध वेडेवाकडे असतात. एकाची वाट दुसऱ्याच्या वाडीतून जाते. १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्याने त्यावर तोड काढली. साऱ्यांच्या जमिनी कागदावर एकत्र करायच्या, रस्त्यांसाठी आणि मोकळ्या जागांसाठी हिस्सा बाजूला काढायचा, उरलेली जमीन सरळ रेषेत तुकडे पाडून मालकांना परत द्यायची. मूळ प्लॉट जाऊन ‘फायनल प्लॉट’ हाती येई. इथल्या अनेक इमारतींच्या कागदपत्रांत आजही नगररचना योजनेचा आणि फायनल प्लॉटचा उल्लेख असतो.

१९२५ मध्ये महापालिकेने इथले मैदान खुले केले, ‘माहीम पार्क’ या नावाने. १९२७ मध्ये नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने त्याला शिवाजी महाराजांचे नाव मिळाले. पुढच्या दोन दशकांत भोवती गोलाईदार गॅलऱ्यांच्या बुटक्या इमारती उठल्या. चाळीतल्या बिऱ्हाडाला इथल्या ‘ब्लॉक’चे अप्रूप वाटे ते मुख्यतः संडास-न्हाणीघर घरातच असल्याचे. ही चैन पांढरपेशांची होती. १९२० च्या दशकातच गिरणी कामगारांसाठी वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी इथे बीडीडीच्या (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटच्या) २०७ चाळी बांधल्या गेल्या. तिथे एका कुटुंबाला सुमारे १६० चौरस फुटांची खोली आणि मजल्यावर सामायिक संडास. आखणी दोन्हीकडे काटेकोर होती. हवा आणि जागा तेवढी सारखी वाटली गेली नाही.

मैदान मात्र आखणीला कधी पुरते बधले नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या सभा, १९६६ पासून शिवसेनेचे दसरा मेळावे, एकमेकांत घुसलेल्या क्रिकेटच्या खेळपट्ट्या, उन्हाळ्यात घराघरांत शिरणारी लाल धूळ. रहिवाशांच्या तक्रारी वाढत गेल्या. २०१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मैदान शांतता क्षेत्र ठरवले. सभांवर तेव्हापासून निर्बंध आले.