बरे वाटणे आणि बरे होणे : क्षयाच्या गोळ्यांचा इतिहास

१/ २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात डॉ. आनंदीबाई जोशी यांचे क्षयाने निधन झाले. वय अवघे एकवीस. अमेरिकेतून वैद्यकीय पदवी घेऊन परतलेल्या या स्त्रीला स्वतःच्या आजारावर घेण्याजोगे एकही औषध जगात नव्हते. क्षयाचा जंतू मात्र ठाऊक झाला होता. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथे तो जाहीर केला होता. औषध हाती येण्यास त्यानंतर साठ वर्षे लागली. ते औषध सुरक्षितपणे कसे घ्यावे, हे कळण्यास त्याहून वेगळी धडपड करावी लागली. हा धागा त्या धडपडीचा.

२/ मधल्या काळात उपचार म्हणजे आरोग्यधाम. मोकळी हवा, दूध-अंडी, महिनोन् महिने सक्तीची विश्रांती. आपल्याकडे पाचगणी आणि मिरज ही नावे याच कारणाने घरोघरी माहीत झाली. ज्यांना ऐपत होती ते तेथे गेले. उरलेले घरातच खंगत राहिले. जे गेले तेही सर्व परतले नाहीत.

३/ १९४३ मध्ये अमेरिकेतील रटगर्स येथे सेलमन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत आल्बर्ट शॅट्झ या तरुण संशोधकाने मातीतील एका सूक्ष्मजीवापासून स्ट्रेप्टोमायसिन वेगळे काढले. क्षयाच्या जंतूवर खरोखर चालणारे हे पहिले प्रतिजैविक. युद्धाने खंक झालेल्या ब्रिटनकडे ते पुरेसे विकत घेण्याइतके डॉलर नव्हते. थोडासा साठा मिळाला. तो कोणाला द्यावा आणि कोणाला नाही?

४/ ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने या टंचाईतूनच मार्ग काढला. संख्याशास्त्रज्ञ ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांच्या पद्धतीनुसार १०७ रुग्णांची यदृच्छेने विभागणी झाली : ५५ जणांना औषध व विश्रांती, ५२ जणांना केवळ विश्रांती. सहा महिन्यांनी पहिल्या गटात ४ मृत्यू झाले होते, दुसऱ्या गटात १४. ऑक्टोबर १९४८ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि औषधांच्या चाचणीचा तो पुढे आदर्श ठरला.

५/ त्याच अहवालात एक अशुभ नोंदही होती. औषध घेणारे पहिल्या काही महिन्यांत झपाट्याने सुधारले, वजन वाढले, ताप उतरला. पुढे त्यांतील अनेकांची प्रकृती पुन्हा ढासळली. ज्या ४१ रुग्णांचे जंतू तपासले गेले, त्यांपैकी ३५ जणांचे जंतू आता स्ट्रेप्टोमायसिनला दाद देईनात. पाच वर्षांनी पाहिले तेव्हा औषध घेतलेल्या ५५ पैकी ३२ आणि न घेतलेल्या ५२ पैकी ३५ रुग्ण मरण पावले होते. आरंभीचा लाभ जवळजवळ पुसला गेला होता.

६/ असे का झाले? फुप्फुसात क्षयाने पडलेल्या एका पोकळीत दहा कोटींच्या घरात जंतू असू शकतात. त्यांत एखाद्या औषधाला मुळातच न जुमानणारा जंतू साधारण दहा लाखांत एक असतो. एकच औषध दिले की बाकीचे मरतात, हे शंभरएक जंतू उरतात आणि रिकाम्या रानात वाढतात. मात्र दोन औषधांना एकाच वेळी न जुमानणारा जंतू दहा लाख गुणिले दहा लाखांत एक. तो त्या पोकळीत सापडणे जवळपास अशक्य.

७/ हे गणित लवकरच प्रत्यक्षात उतरले. स्वीडनमध्ये यॉर्गन लेहमान यांनी पीएएस हे औषध शोधले होते. ते स्ट्रेप्टोमायसिनच्या जोडीला दिल्यावर प्रतिरोध निर्माण होण्याचे प्रमाण एकदम खाली आले. क्षयाच्या उपचाराचा पहिला नियम येथे ठरला : एकटे औषध कधीच द्यायचे नाही. म्हणूनच चारांपैकी 'न सोसणारी' एक गोळी रुग्णाने परस्पर गाळली, तर तो केवळ एक गोळी गाळत नसतो. उरलेल्या औषधांचे संरक्षणही काढून घेत असतो.

८/ पण न सोसणे ही काल्पनिक गोष्ट नव्हे. बिहारमधील मोतिहारी येथे जन्मलेले लेखक जॉर्ज ऑर्वेल यांना १९४८ मध्ये स्कॉटलंडच्या रुग्णालयात खास अमेरिकेतून मागविलेले स्ट्रेप्टोमायसिन देण्यात आले. अंगावर पुरळ उठले, तोंडात व्रण झाले, केस आणि नखे गळू लागली. अखेर औषध थांबवावे लागले. पर्यायी औषधांची आज असलेली यादी तेव्हाच्या डॉक्टरांपाशी नव्हती. जानेवारी १९५० मध्ये ऑर्वेल क्षयानेच गेले.

९/ १९५२ मध्ये आयसोनियाझिड आले. हे रसायन १९१२ मध्येच प्राग येथे तयार झाले होते. त्याचा हा गुण चाळीस वर्षे कोणाच्या ध्यानात आला नव्हता. न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू रुग्णालयात ते दिल्यावर अंथरुणाला खिळलेले रुग्ण उठून बसले, भूक लागली म्हणू लागले, वॉर्डात नाचू लागले. ती छायाचित्रे वृत्तपत्रांत झळकली. गोळी स्वस्त होती, तोंडाने घ्यायची होती. आणि नेमकी येथूनच नवी अडचण सुरू झाली.

१०/ अडचण अशी की रुग्णाला काही आठवड्यांतच बरे वाटू लागे, पण रोग मुळातून जाण्यास त्या काळच्या औषधांनी दीड ते दोन वर्षे लागत. वेगाने वाढणारे जंतू लवकर मरतात. त्यांच्याबरोबर ताप व खोकला जातो. जे जंतू जवळजवळ सुप्त पडून असतात, त्यांच्यावर औषधाचा मारा फार सावकाश होतो. त्यांची कोणतीही खूण रुग्णाला जाणवत नाही. ज्याचे काही दुखत नाही, त्याने दीड वर्ष रोज कडवट औषध घ्यावे, ही अपेक्षा माणसाच्या स्वभावाविरुद्ध होती.

११/ या प्रश्नाचा सर्वांत मोलाचा अभ्यास आपल्या देशात झाला. १९५६ मध्ये मद्रास येथे क्षयरोग औषधोपचार केंद्र सुरू झाले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटिश परिषद यांचा हा संयुक्त उपक्रम होता, डॉ. वॉलेस फॉक्स त्याचे नेतृत्व करीत होते. प्रश्न साधा होता. भारतात रुग्ण लाखोंनी, आरोग्यधामांतील खाटा मूठभर. मग घरी राहून गोळ्या घेतल्या तर चालेल का?

१२/ शहरातील गरीब वस्त्यांतील १९३ रुग्णांचे दोन गट पाडले गेले. एक गट आरोग्यधामात, दुसरा आपापल्या दाटीवाटीच्या घरात. औषधे दोघांना तीच. वर्षाअखेरीस आरोग्यधामातील ९२ टक्के आणि घरच्या ८६ टक्के रुग्णांचा रोग शमलेला दिसला. घरच्यांचे अन्न निकृष्ट होते, विश्रांती कमी होती, तरीही फरक एवढाच. घरातील इतरांना लागण होण्याचे प्रमाणही वाढले नाही. आरोग्यधामांचे युग या निष्कर्षाने संपत आले.

१३/ हे यश आपोआप मिळालेले नव्हते. पीएएस रोज सुमारे दहा ग्रॅम घ्यावे लागे, त्याने पोट बिघडे. मद्रासचे कर्मचारी अचानक घरी जाऊन शिल्लक गोळ्या मोजत, लघवी तपासून औषध पोटात गेले की नाही ते पाहत. औषध लिहून देणे आणि ते घेतले जाणे यांत मोठे अंतर आहे, हे फॉक्स यांनी तेव्हाच आग्रहाने मांडले. कर्मचाऱ्यासमोर डोस घेण्याची पद्धत मद्रासच्या पुढील प्रयोगांतून रुजली.

१४/ साठच्या दशकाअखेर रिफॅम्पिसिन वापरात आले. ते आणि पायराझिनामाइड सुप्तप्राय जंतूंनाही मारू शकत. सत्तरच्या दशकात पूर्व आफ्रिकेतील चाचण्यांनी दाखवून दिले की ही औषधे घेतल्यास सहा महिने पुरतात. आजही साध्या क्षयासाठी सांगितला जाणारा 'सहा महिन्यांचा कोर्स' तो हाच. तो आकडा कोणाच्या मर्जीने ठरलेला नाही. कमी महिने घेतलेल्यांत रोग किती वेळा उलटतो, हे मोजून तो ठरला आहे.

१५/ या गोळ्यांचे काही परिणाम रुग्णाला आधी सांगितलेले असावे लागतात. रिफॅम्पिसिनने लघवी, घाम, अश्रू नारिंगी होतात. हे निरुपद्रवी असते, पण न सांगितल्यास रुग्ण घाबरून औषध सोडतो. त्याच औषधाने गर्भनिरोधक गोळ्यांचा प्रभाव घटतो. उलट डोळे किंवा त्वचा पिवळी पडणे, सतत उलट्या, अंधुक दिसणे वा रंग ओळखू न येणे, हातापायांना मुंग्या येणे, ही धोक्याची चिन्हे आहेत. ती दिसताच डॉक्टरांकडे जायचे असते. औषध थांबवावे की बदलावे हे तेथे ठरते.

१६/ भारताचा राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम १९६२ मध्ये सुरू झाला. १९९२ च्या आढाव्यात दिसले की निम्म्यांहून कमी रुग्ण उपचार पूर्ण करतात. मग समक्ष डोस देणारा सुधारित कार्यक्रम १९९७ पासून विस्तारत गेला आणि २००६ मध्ये देशभर पोचला. त्यात प्रत्येक रुग्णाच्या नावाचा, संपूर्ण उपचाराच्या गोळ्यांचा स्वतंत्र खोका ठेवला जाई, जेणेकरून मध्येच साठा संपला ही सबब उरू नये.

१७/ दोष नेहमी रुग्णाकडेच जातो. धारावीचा इतिहास निराळे सांगतो. १९९१ च्या एका अभ्यासात तेथील १०० खासगी डॉक्टरांनी क्षयासाठी ८० निरनिराळे उपचार लिहून दिले. २०१० मध्ये मुंबईतील डॉ. झरीर उदवाडिया व सहकाऱ्यांनी १०६ डॉक्टरांना तोच प्रश्न विचारला. ६३ निरनिराळे उपचार मिळाले, अचूक उपचार लिहिणारे डॉक्टर फक्त ६. ज्या रुग्णाने चुकीची चिठ्ठी निष्ठेने पाळली, त्याच्या शरीरातही प्रतिरोधी जंतूच वाढले.

१८/ जानेवारी २०१२ मध्ये याची जाहीर चर्चा झाली. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी उपलब्ध सर्व तपासण्यांत कोणत्याही औषधाला दाद न देणाऱ्या क्षयाचे रुग्ण नोंदविले. त्याला काय नाव द्यावे यावर सरकारने आणि जागतिक आरोग्य संघटनेने आक्षेप घेतला. नावाचा वाद झाला. रुग्णांचे हाल वादातीत होते.

१९/ त्यानंतर नियम बदलले. त्याच वर्षी क्षयरुग्णाची नोंद कळविणे डॉक्टरांना बंधनकारक झाले. मार्च २०१४ पासून क्षयाची औषधे 'एच-१' यादीत आली. चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत आणि केमिस्टला रुग्णाची व डॉक्टरची नोंद ठेवावी लागते. २०१७ पासून दिवसाआड डोसाऐवजी रोजचा डोस देशभर लागू झाला. २०१८ मध्ये आहारासाठी दरमहा ५०० रुपये देणे सुरू झाले.

२०/ एक फरक येथे स्पष्ट असावा. काही साध्या जंतुसंसर्गांत पूर्वीपेक्षा कमी दिवसांचे प्रतिजैविक पुरते, असे अलीकडील संशोधन सांगते आणि डॉक्टर त्यानुसार दिवस कमी करतात. क्षयाला तो निष्कर्ष लावता येत नाही. दिवस पाच असोत की महिने सहा, ते पुराव्यावरून आणि तपासणीवरून ठरतात. आज ताप नाही यावरून नव्हे.

२१/ १९४८ च्या त्या ५५ रुग्णांनी कोणतीच चूक केली नव्हती. त्यांना दुसरे औषध मिळाले नाही, कारण तेव्हा ते हाताशी नव्हते. आज सरकारी केंद्रात ती सारी औषधे विनामूल्य मिळतात. तिसऱ्या महिन्यात, वजन वाढलेले आणि खोकला थांबलेला असताना, गोळ्यांचे पाकीट बाजूला ठेवण्याचा मोह ज्याला होतो, त्याच्या घरच्यांनी त्याला या ५५ जणांची हकिकत जरूर सांगावी.