उडून जाणारे पाणी

तेलंगणातील आदिलाबाद जिल्ह्यात बोथ हे गाव आहे. पूर्वीच्या हैदराबाद संस्थानातील हा मुलूख १९५६ साली आंध्र प्रदेशात आणि २०१४ साली तेलंगणात गेला. मराठी, तेलुगू व गोंडी या तिन्ही भाषा येथे शेजारी नांदत आल्या आहेत. जवळचा पोचेराचा धबधबा पावसाळ्यात गर्जत असतो. परंतु वैशाखाचे ऊन तापू लागले की उघड्या हौदातील पाणी कोणी न उपसताही खाली जाते. दहा मीटर लांब व पाच मीटर रुंद अशा घरगुती पोहण्याच्या हौदातून रोज सहा मिलिमीटर पाणी उडाले, तर तीनशे लिटरांची हानी होते. घागरी भरणाऱ्यांना या आकड्याची किंमत सांगावी लागत नाही.

ही हानी थांबविण्याचा विचार जुनाच आहे. सतराव्या शतकाच्या आरंभी मलिक अंबराने खडकी, म्हणजे पुढचे औरंगाबाद, या शहरासाठी भूमिगत नहरी बांधल्या. जमिनीखालून वाहणाऱ्या पाण्याला ना ऊन लागे, ना वारा.

उघड्या पाण्यावरील उपाय मात्र तेलाच्या एका थेंबातून निघाला. लंडनजवळील क्लॅफम येथील तळ्यावर बेंजामिन फ्रँकलिनने चमचाभर तेल ओतले, तेव्हा सुमारे अर्धा एकर पाणी आरशासारखे शांत झाले. हा वृत्तांत १७७४ साली प्रसिद्ध झाला. पुढे जर्मनीतील आग्नेस पॉकेल्स या गृहिणीने स्वयंपाकघरात अशा पातळ थरांचे मापन केले. तिचे पत्र १८९१ साली ‘नेचर’ने छापले. हा थर एकाच रेणूच्या जाडीचा असतो, हे १९१७ साली अर्व्हिंग लँगम्युरने दाखविले. असे दाट थर बाष्पीभवनास अटकाव करतात, हेही विसाव्या शतकात सिद्ध झाले.

१९५५ च्या सुमारास ऑस्ट्रेलियात मॅन्सफील्डने जलाशयांवर सेटिल अल्कोहोलचा थर पसरून पाहिला. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनेही १९६० च्या दशकात या पदार्थांच्या बरोबरीने अल्कॉक्सी इथेनॉलांचा अभ्यास केला. पण वाऱ्याने हा थर फाटतो व काठाशी लोटला जातो. म्हणून तो पुन्हापुन्हा द्यावा लागतो. विस्तीर्ण तलावावर जे अवघड, ते आडोशाच्या लहान हौदावर सोपे जाते.

तरीही घरगुती हौदासाठी साधा उपाय सर्वांत प्रभावी आहे: वापर संपताच पाण्यावर आच्छादन घालावे. लगतच्या बाजूला वारा अडविणारी झाडे किंवा भिंत असावी, आणि पाणी विनाकारण उसळवू नये. एवढे करण्यास कोणत्याही रसायनाची गरज पडत नाही.

फ्रँकलिनच्या चमचाभर तेलापासून आजच्या आच्छादनापर्यंतच्या या प्रवासात एकच धडा आहे. वाहून जाणारे पाणी डोळ्यांना दिसते, म्हणून त्याची हळहळ वाटते. उडून जाणारे दिसत नाही, म्हणून त्याचा हिशेब कोणी ठेवीत नाही. पाण्याला जपावयाचे असेल, तर तो हिशेबही ठेवावयास हवा.