द्राक्षवेलीच्या खोडातील बुरशी आणि तग धरणारी वाणे

फ्रान्समधील बोर्दो प्रांतात ऐन उन्हाळ्यात, म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये, द्राक्षबागांच्या हिरव्या रांगांतून मधूनच एखादी वेल वेगळी दिसते. पानाच्या शिरांलगतचा भाग हिरवा, तर मधला भाग पिवळा वा तांबूस होऊन करपलेला. वाघाच्या अंगावरील पट्ट्यांची आठवण व्हावी असा. काही वेली तर चार-आठ दिवसांत घडांसकट वाळून जातात. 'एस्का' या नावाने ओळखला जाणारा हा रोग पानांवर दिसत असला, तरी त्याचे मूळ खोडात असते. इटालियन भाषेत एस्का म्हणजे चकमकीची ठिणगी धरणारे जळण. रोगट खोडातील लाकूड कुजून असेच मऊ, पिवळसर होते, त्यावरून हे नाव पडले.

खोडाच्या बुरशीजन्य रोगांमध्ये एस्काखेरीज युटायपा आणि बॉट्रिऑस्फेरिया या बुरशींमुळे होणारी मर प्रमुख आहे. युटायपाग्रस्त वेलीच्या काड्या खुरटतात, पाने बारीक व पिवळी राहतात आणि ओलांडा कापून पाहिल्यास मेलेल्या लाकडाची पाचर आढळते. बुरशीचे बीजाणू प्रामुख्याने छाटणीच्या जखमेतून आत शिरतात व वर्षानुवर्षे गुपचूप पसरत राहतात. लक्षणे दिसेपर्यंत बाग अनेकदा दहा वर्षांची झालेली असते. नेमकी उत्तम उत्पन्नाची वर्षे हातची जातात, हे या रोगांचे खरे दुखणे होय.

त्यावर खात्रीचा इलाज नाही. फ्रान्समध्ये पूर्वी हिवाळ्यात सोडियम आर्सेनाइटची फवारणी होत असे. ती एस्कावर परिणामकारक होती. पण आर्सेनिक माणसाला कर्ककारक असल्याने २००१ मध्ये तिच्यावर बंदी आली. बंदी रास्तच होती, मात्र तिच्या तोडीचा दुसरा उपाय हाती लागलेला नाही. त्यामुळे कोणते वाण तग धरते, हा प्रश्न पुढे आला.

पूर्णपणे रोगमुक्त राहील असे युरोपीय द्राक्षाचे वाण ज्ञात नाही. सहनशीलतेत मात्र मोठा फरक आहे. काबर्ने सॉव्हिन्यॉं, सॉव्हिन्यॉं ब्लाँ आणि कोन्याक मद्यासाठी लावले जाणारे उन्यी ब्लाँ ही वाणे लवकर बळी पडतात. शेजारच्याच बागेतील मेर्लो त्या मानाने निभावून नेते. बोर्दोनजीक २००९ मध्ये लावलेल्या एका प्रायोगिक बागेत ५२ वाणे एकाच मातीत, एकाच खुंटावर वाढवली आहेत. त्यांतील ४६ वाणांच्या अनेक वर्षांच्या नोंदींत एस्काची लक्षणे दाखवणाऱ्या वेलींचे वार्षिक प्रमाण काही वाणांत शून्य, तर काहींत पाव हिश्श्याच्या आसपास आढळले. विशेष म्हणजे, वाणांच्या आपसांतील नात्यावरून हा फरक सांगता येत नाही.

मग तो कशामुळे पडतो? एक उत्तर लाकडाच्या रचनेत आहे. बुरशीची चाहूल लागताच वेल आपल्या जलवाहिन्या डिंकासारख्या पदार्थाने व फुग्यासारख्या वाढींनी बुजवून टाकते. वाहिनी अरुंद असेल तर हा बांध लवकर बसतो. रुंद असेल तर बुरशी पुढे निसटते. युटायपाच्या बाबतीत लाकडातील लिग्निनचाही वाटा आहे. मेर्लोमध्ये ते काबर्नेपेक्षा अधिक असते. सर्वांत चक्रावून टाकणारी बाब पाण्याची आहे. पाण्याचा कडक ताण दिलेल्या वेलींच्या पानांवर एस्काची लक्षणे उमटलीच नाहीत, असे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्रेंच प्रयोगात दिसून आले. दुष्काळाने रोग बळावेल, या सर्वसाधारण समजुतीच्या हे अगदी उलट आहे.

एवढे कळूनही शेतकऱ्याला वाण बदलता येतेच असे नाही. ज्युरा भागातील प्रसिद्ध 'व्हँ जोन' ही वाइन कायद्याने केवळ साव्हान्यॅं द्राक्षाचीच असावी लागते आणि हे वाण एस्काला नाजूक आहे. बोर्दोमध्ये २०२१ मध्ये सहा नव्या वाणांना परवानगी मिळाली, पण ती हवामानबदलाच्या कारणास्तव. शिवाय बागेच्या पाच टक्के क्षेत्रापुरतीच. म्हणून अनेकजण छाटणीच्या पद्धतीकडे वळले आहेत. शारांत भागातील पूसार नावाच्या बागायतदाराची, १९२१ मध्ये रने लाफों यांनी पुस्तकातून मांडलेली पद्धत पुन्हा वापरात आली आहे. तीत जखमा लहान ठेवून खोडाच्या एकाच अंगाला घेतात, जेणेकरून रसाचा प्रवाह तुटू नये. काही ठिकाणी लहान करवतीने खोड उघडून कुजका भाग कोरून काढतात. काम किचकट व मजुरीचे, पण वेल वाचते.

नाशिकच्या वाइन द्राक्षांच्या बागांत काबर्ने सॉव्हिन्यॉं व सॉव्हिन्यॉं ब्लाँ ही वाणे लागलेली आहेत. फ्रान्समध्ये वेल वर्षातून एकदा, हिवाळ्यात छाटतात; महाराष्ट्रात द्राक्षबागेची एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी होते. म्हणजे खोडाकडे जाणाऱ्या जखमा वर्षातून दोनदा उघडतात, आणि त्यांतील दुसरी वेळ अनेकदा परतीच्या पावसाची असते. अशा ओल्या दिवसांत बीजाणू सर्वाधिक पसरत असल्याने छाटणी कोरड्या दिवशी उरकणे, मोठ्या जखमांना लगेच लेप लावणे आणि मेलेले ओलांडे बागेबाहेर नेऊन नष्ट करणे, ही काळजी इथेही घ्यावी लागते.